तुमच्या मित्राचे रिपोर्ट

प्रिय बाबा,

तुमच्या मित्राचे रिपोर्ट मिळाले. वरचं नाव कापून फोटो काढलेत, तेही तिरके, आणि एकावर तर चक्क तुमच्या अंगठ्याची सावली. वेळ मिळाला तर बघ, तसं काही नसणारच, असं वर लिहिलंत. मित्राची मुलगीही म्हणे परदेशात डॉक्टरकी शिकते, तिची शेवटची परीक्षा पुढच्या वर्षी आहे. तोवर उपचार लांबवले तर चालेल का, आणि तिला डॉक्टर झालेली तो बघेल ना, एवढंच त्याला विचारायचंय. बरं, सांगते. फोनच केला असता, पण तुम्ही तो स्पीकरवर टाकता आणि आई स्वयंपाकघरातून प्रत्येक वाक्याला हुंकार भरते. म्हणून तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मेलवर लिहितेय. तो तुमच्याशिवाय कोणी उघडत नाही.

माझं इथे ठीक चाललंय. खोलीची खिडकी हॉस्पिटलच्या धोबीखान्यावर उघडते, त्यामुळे थंडीत वाफ फुकट मिळते. चौघींत एक शेगडी आहे आणि एक बया अंड्यांवरसुद्धा स्वतःचं नाव लिहून ठेवते. सुट्टीत स्वस्तातल्या बसने सरहद्दीपलीकडची दोन शहरं पाहून आले, तुम्हाला फोटो पाठवले, तर तुम्ही एवढंच कळवलंत की ड्रायव्हरने पट्टा लावलेला नाही. धन्य आहे! वॉर्डात परवा एका म्हाताऱ्याने माझ्याकडून रक्त काढून घ्यायला नकार दिला, त्याला इथलंच कोणीतरी हवं होतं. शेवटी मीच काढायला बसले, आणि शीर चुकली तेव्हा माझ्या देशाबद्दल, रंगाबद्दल त्याने काय काय तारे तोडले. दुसऱ्यांदा मी सुई बरोबर घातली, पण जरा जोरात. तो कळवळला आणि मला बरं वाटलं. तुमचीच मुलगी ना मी.

इथे वाईट बातमी कशी सांगायची याचाही तास असतो. खोटं नाही सांगत. एका म्हाताऱ्या नटाला पैसे देऊन पेशंट म्हणून आणतात. खुर्ची किती जवळ ओढायची, कुठे थांबायचं, रुमाल कधी पुढे करायचा, सगळं घोटून घेतात. पहिल्या वेळी तो रडायला लागल्यावर माझ्या तोंडून काळजी करू नका असं निघून गेलं, आणि मॅडमनी मला तिथेच नापास केलं. त्याला दिलासा दिलास की स्वतःची सुटका केलीस, असं सगळ्यांसमोर विचारलं. तोवर नटाने डोळे पुसून चहा उरलाय का याची चौकशी सुरू केली होती. खरं तर खोटा दिलासा न देण्याची शिकवणी मला घरीच झालेली होती. परक्या पोरांना शिकवताना तुमचा पाय कायम तुमच्या बाजूच्या दुसऱ्या ब्रेकवर असायचा. माझ्या वेळी मात्र चढावर गाडी बंद पडली, मी रडायला लागले, तर तुम्ही मला ‘ढ गोळा’ म्हणून सरळ खाली उतरलात आणि रस्त्याच्या कडेला हाताची घडी घालून उभे राहिलात. मागे ट्रक हॉर्न मारत होता. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, बाबा.

रिपोर्ट मी त्याच मॅडमना दाखवले. मीही थाप मारली, मैत्रिणीच्या वडिलांचे आहेत म्हणाले. त्यांनी फोटो मोठ्या पडद्यावर लावले, वर्गातल्या बाकीच्यांना हाक मारली आणि माझी तोंडी परीक्षाच घेतली. गाठ कुठे आहे, कुठवर पसरली, यकृतात काय दिसतं, मणक्यात काय. मी धडाधड उत्तरं दिली, एकही चुकलं नाही. मग त्यांनी गळ्याखालच्या हाडावर बोट ठेवून हे काय म्हणून विचारलं. जुनं मोडलेलं हाड, आत पट्टी बसवलीय, एका शिकाऊ माणसाने गाडी भिंतीवर घातली होती, असं मी सांगून टाकलं. हे फोटोत कुठे दिसतं, असं विचारून त्या हसल्या. मैत्रीण म्हणाली, असं काहीतरी मी पुटपुटले. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, सगळ्यांदेखत, त्यांनी मला शाबासकी दिली. पोरांनी पाठ थोपटली. आजवरचं माझं सगळ्यात मोठं कौतुक तुमच्या फुप्फुसावर झालं, बाबा.

तेव्हा तुमच्या मित्राला उत्तर असं की, नाही. उपचार लांबवता येणार नाहीत, आणि उद्या सुरू केले तरी तो बरा होणार नाही. औषधांनी दम जरा कमी लागेल, दुखणं आटोक्यात राहील, तेवढ्यासाठी ती घ्यायचीच. पण मुलीला डॉक्टर झालेली तो बघणार नाही. किती दिवस, याचा अंदाज मॅडमनी दिलाय, विचारलंत तर सांगेन. हे मऊ करून लिहायला बसले होते, दोनदा खोडलं, आणि दोन्ही वेळा ते खोटं वाटलं. शिवाय गाडीवर जाणं आजपासून बंद. भर रस्त्यात खोकल्याची उबळ आली, तर शेजारी कोणाचं तरी पोर बसलेलं असतं.

आता हे कशासाठी लिहिलं ते सांगते. परीक्षेतून मी नाव काढून घेतलंय. ओरडा, काय ओरडायचं ते ओरडा, पण ते झालंय. शनिवारी सकाळी मी घरी पोचतेय. आईला तुम्ही काहीही सांगितलेलं नाही. कालच मला विचारत होती, यांचा खोकला जातच नाही गं, औषधाच्या दुकानातून कुठली बाटली आणू? मी विषय बदलला, कारण ते सांगणं तुमचं काम आहे. तिला जवळ बसवा, हात धरा, हवं तर माझ्यावर सगळं ढकला, पण शनिवारच्या आत तुमच्या तोंडाने सांगा. तुम्हाला नाही जमलं तर दारात पाऊल टाकल्या टाकल्या मी सांगेन. आणि मी कशी सांगते, ते तुम्ही आत्ताच वाचलंत.

तुमचीच,
ढ गोळा