जंगलाखाली जंगल

बाबा, तुमचे नाटकाचे पडदे मी रंगवायला घेतलेत. लगेच खूश होऊ नका, तुमच्यासाठी घेतलेले नाहीत. वाडीच्या नाटकाला कोणीतरी राजवाडा द्यायला हवा होता आणि देवळाचा कारभार बघणारा गावकार माझ्या पडवीत येऊन उठायचं नाव घेईना, म्हणून घेतले. रस्ता, राजवाडा, देऊळ, नदी आणि जंगल. तुमचा जन्म गेला तो एवढ्या पाच चादरींत, आणि त्याही तुमच्या नव्हत्या, देवस्थानच्या होत्या. लोकांचे बाप होडीवर गेले, बोटीवर गेले, मुंबईला गिरणीत गेले. माझा बाप मांगरात गेला तो बाहेरच आला नाही. आणि मांगरही कसला, गुरं विकली म्हणून रिकामा झालेला. गुरं असती तर निदान शेण मिळालं असतं.

तुमचं काम मी इतकं जवळून बघितलंय की मला त्याचा वीट आहे. संध्याकाळी तुम्ही मांगराच्या भिंतीवर टांगलेल्या पडद्यासमोर उभे. नदीला निळा भरलेला, ओला, गर्द. तुम्ही मागे सरकायचात, मान वाकडी करायचात, आणि म्हणायचात, "आता उभी राहिली नदी." सकाळी रंग वाळलेला असायचा. पुडीचा रंग सरसात कालवला की ओला असताना एक दिसतो आणि वाळला की फटक पडतो, हे वाडीतल्या शेंबड्या पोराला माहीत होतं. तुम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पटत नव्हतं. रोज सकाळी कोणीतरी तुमची नदी चोरल्यासारखं तोंड करायचात आणि ओलं फडकं हातात घ्यायचात. पुसायची. पुन्हा खडूचा पांढरा हात. पुन्हा निळा. नदी झाली की देवळाचा कळस तिच्यासमोर फिका दिसायचा, मग तो पुसायचा. कळस झाला की जंगल काळं वाटायचं. असं पाचांच्या पाच पडद्यांभोवती तुम्ही घाण्याच्या बैलासारखे फिरत होतात. घाण्यातून निदान तेल तरी निघतं.

आणि त्या सगळ्याचा डबा ढवळायला मी. चौथी झाली तेव्हा तुम्ही म्हणालात, "एवढे पाच पडदे उभे राहिले की परत शाळेत घालतो." मला ते खरं वाटलं. मला वाटायचं आणखी एक पावसाळा. मी हाडाकातड्याचा तो सरस रात्री भिजत घालायची, सकाळी मंद आचेवर वितळवायची, उकळी येऊ द्यायची नाही, कारण उकळला की त्याचा चिकटपणा जातो आणि रंग पडद्यावर न राहता नटांच्या अंगाला लागतो. आई चुलीच्या एका बाजूला भात रटरटत ठेवायची आणि दुसऱ्या बाजूला माझा डबा. आता मी चूल लावते तेव्हाही तो वास येतो, गॅसवर येत नाही. आई म्हणायची, "माझ्या चुलीवर मेली ढोरं शिजवता, नि वर मलाच विचारता वास कसला!" तुम्ही म्हणायचात, "देवाचं काम आहे गो." ती म्हणायची, "देवाला सांगा मग जेवण पण तोच घालील." आणि दुपारी ताट वाढताना ती हाक मारायची, "काय वाढू आज, जंगल की राजवाडा?" मी हसायची. तुम्ही गंभीरपणे म्हणालात एकदा, "राजवाड्याला अजून वेळ आहे." आई ताट ठेवून मागल्या दारी गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

राजवाडा आठवतो ना? माघातला उत्सव, दिवेलागण झालेली, देवळासमोर मांडव भरलेला, आणि तुम्ही पडदा वर चढेपर्यंत खांबाला पिवळा लावताय. लोक ओरडतायत, घंटा वाजली, तरी तुमचा कुंचला खाली येईना. आमचा राजा म्हणजे बोटीवरचा तांडेल, पन्नास माणसांवर ओरडून ओरडून घसा फाटलेला. तो ऐटीत खांबाला टेकला, प्रधानाला दरडावलं आणि पाठ फिरवून निघाला. पांढऱ्या अंगरख्याची सगळी पाठ पिवळीधमक. बायकांतून कोणीतरी ओरडलं, "अगो बघा, राजाला हळद लागली!" त्यानंतर नाटक कुठलं आणि काय, युद्धात मेलेलेसुद्धा पोट धरून हसत होते. मी तुमच्या शेजारी पडद्याआड उभी होते. मेल्याहून मेली झाले. तुमच्याकडे बघितलं तर तुम्हाला लाजेचा वाराही लागला नव्हता. तुम्ही म्हणालात, "खांब पुसला गेला." एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी, उत्सव संपला, पुढच्या माघापर्यंत तो पडदा कोणी बघणार नव्हतं, तर सकाळी उठून तुम्ही पुन्हा तोच खांब रंगवत बसलात. त्या दिवशी मला कळलं की मी शाळेत परत जाणार नाही. कोणाला सांगावं लागलं नाही.

तुम्ही गेलात तेव्हा जंगल अर्धं पुसलेलं होतं. आम्ही पाचही पडदे गुंडाळून माळ्यावर टाकले. माझं लग्न झालं, मग नवरा गेला, मी परत याच घरात आले, कॅनिंगच्या कारखान्यात आंबे सोलून दिवस काढले. पडदे माळ्यावरच. उत्सवाला फ्लेक्स यायला लागला, रत्नागिरीतून छापून, सुबक, दोन तासांत तयार. मी म्हटलं, बरं झालं, सुटले. तर परवाच्या दिवाळीनंतर गावकार आला, पान जुळवत बसला आणि म्हणाला, "गो, त्या फ्लेक्सावर दिवा पडला की राजवाडा चमचम करतो नि राजाचं तोंडच दिसत नाय. वारा आला की राजवाडा फडफडतो. माणसं बोलतात, जुने पडदे होते तेच बरे."

मी म्हटलं, "माळ्यावर आहेत. उंदरांनी त्यात नाटकं केलीत. घेऊन जा."

"नेऊन काय करू? रंग कोण लावील? तूच होतीस ना बापसाजवळ."

"होते. डबा ढवळायला."

"मग ढवळ आता परत," म्हणाला मेला, आणि हसला.

तेव्हापासून माझे दिवस असे जातात. सकाळी पाणी, भांडी, कोंबड्या, आणि मग मांगर. कालच्या कामाकडे आधी बघत नाही. आधी रंग कालवते, मांजरपाटाच्या तुकड्यावर ओढते, तो चुलीवर धरून वाळवते, आणि वाळलेला जुन्या रंगाशी ताडून मगच पडद्याला हात लावते. उंदरांनी खाल्लं तिथे ठिगळ, ठिगळावर खडू, खडूवर रंग. एक तुकडा झाला की झाला, त्याच्याकडे पुन्हा वळायचं नाही. रस्ता असा संपला. नदी संपली, देऊळ संपलं. राजवाड्याचे खांब, ज्यांच्यापायी तुम्ही लाज सोडली होती, ते मी तीन सकाळींत उभे केले आणि पाठ टेकून बघितली. रंग लागत नाही. यात काही मोठी विद्या नाही, बाबा. फक्त थांबायचं असतं.

जंगल शेवटी उलगडलं. तुमचं अर्धं पुसलेलं. त्यावर खडूचा हात द्यायला म्हणून ओलं फडकं फिरवलं तर खालून झाडं वर यायला लागली. पुसलेला रंग कापडात जिरतो, पुरता जात नाही, आणि पाणी लागलं की डोकं वर काढतो. आधी एक जांभा दगड दिसला, मग त्यामागे साग, सागाखाली आणखी एक साग. तुम्ही पुसून टाकलेली जंगलं एकामागून एक उजाडत होती. मी बादली बाजूला ठेवून मांगराच्या जमिनीवर बसले. मला वाटलं होतं, खाली काहीतरी वेगळं असेल. माणूस जन्मभर पुसतो म्हणजे काहीतरी शोधत असेल, एखादी वाट, एखादं जनावर, काहीतरी. काही नाही. तेच झाड, त्याच जागी. तीच फांदी, तशीच डावीकडे वळलेली. जांभ्याचा दगड बोटभरही सरकलेला नाही. पहिलं जंगल जसं होतं तसंच शेवटचं. कोणतंही एक ठेवलं असतंत तरी चाललं असतं. पहिलंच ठेवलं असतंत तरी! मी पाचवीत गेले असते. माझी शाळा तुम्ही कशात घालवलीत हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं, मला वाटायचं कुठल्यातरी मोठ्या गोष्टीत घालवली असेल. राग पण तेवढाच मोठा धरून ठेवला होता. आणि निघालं काय, तर एका झाडावर तेच झाड. जल्लं मेलं लक्षण. मी उठले, वरून पातळ खडू दिला आणि त्याच झाडांवर झाडं काढली, कारण रेघा आयत्या होत्या.

काल पाचही पूर्ण झाले. गावकाराला बोलावलं. तो बघून गेला, पुन्हा आला, आणि म्हणाला, "छान झालंय. आता खाली कोपऱ्यात बापाचं नाव घाल. रंगवणाऱ्याचं नाव घालायची रीत आहे, त्याचं राहिलं होतं." राहिलं नव्हतं. तुम्ही घातलं नव्हतंत. नाव घातलं म्हणजे काम झालं, आणि तुमचं काही व्हायचंच नव्हतं.

मी म्हटलं, "माझं घालणार."

"बाईमाणसाचं? लोक काय म्हणतील?"

"लोक नाटक बघायला येतात ना? बघतील."

"मूळ काम त्याचं गो. तू नुसता हात फिरवलास."

"त्यानेही जन्मभर नुसता हातच फिरवला. मी थांबवला."

 मग म्हणाला, ठीक, पण पूर्ण नाव लिही, नवऱ्याचं तरी नाहीतर बापाचं तरी लाव पुढे. मी म्हटलं, कोणाचंच लावणार नाही, नुसतं माझं. तर म्हणतो, "नुसतं नाव? असं तर म्हशीला हाक मारतात."

"म्हशीला कोण विचारतं का तिचा बाप कोण? दूध देते, बास. नाही पटत तर फ्लेक्स लावा."

गावकार छत्री उचलून चालता झाला. खळ्यापर्यंत गेला आणि तिथून ओरडला, "घाल मेल्ये, काय घालायचं ते!"

मग मी जंगलाच्या पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात काजळीने माझं नाव लिहिलं. आईने ठेवलेलं, एकच शब्द. नवरा नाही, आडनाव नाही, तुम्ही नाही. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर जसं येतं तसं आलं. आज सकाळी वाळलेलं बघितलं आणि फडक्याला हात लावला नाही, हे लिहायला बसले. हा कागद तुम्हाला कुठून पोचणार, आणि पोचला तरी तुम्ही तो पुसून परत लिहायला सांगाल. सरसाच्या डब्याखाली घालीन, तिथे थेंब पडतात.

एक मात्र आहे. रंगवणारे नाव लिहितात ते अगदी कडेला, शिवणीला टेकवून. मी कडेपासून आत, डावीकडे सरकून सुरुवात केली. त्यामुळे माझ्या नावापुढे आणखी एक नाव मावेल एवढं कापड मोकळं राहिलंय. गावकाराने विचारलं तर सांगेन, अंदाज चुकला. अंदाज चुकलेला नाही.