चिमीचा हात धरणारा माणूस

५ फेब्रुवारी, गुरुवार. नांदेड

आमच्या कॉमिकचा पाचवा अंक आज सुटला. सकाळीच लातूरहून अनिकेतचा फोन. हॅलो नाही, काही नाही, थेट, "मित्रे, पेज पेटलंय!" तो लिहितो, मी काढते. पेज सांभाळायचं कामही त्याचंच, कारण कमेंटा वाचून मला एकतर रडू येतं नाहीतर भांडायला सुचतं.

आज मात्र वाचल्या. दुकानात शिवजयंतीच्या फ्लेक्सांची रांग, मालक डोक्यावर उभे, आणि मी स्क्रीनवरच्या एका खिडकीत फोटोंमधले घोडे कापतेय, दुसऱ्या खिडकीत कमेंटा. "लई जबर." "विजूनं दरवाजा फोडला तिथं अंगावर काटा आला." "बंडा मेला तर अंक जाळून टाकीन." (बंडा मरत नाही. पुढच्या अंकात पोटभर जेवतो.)

पण सगळे येऊन अडकतात ते शेवटच्या पानावर. 'सहा पहारे'मधली सगळ्यांत धाकटी चिमी, श्वास रोखला की दिसेनाशी होणारी. ती जत्रेत चुकते, आणि एक हसरा माणूस तिचा हात धरून म्हणतो, "चल बाळा, घरी सोडतो." अंक संपला.

"हा कोण? ह्याचं हसू बघून पोटात गोळा आला," असं एकाने लिहिलंय. मला इतका आनंद झाला की घोड्याचा एक पाय कापला गेला. दातांत फट, हनुवटीवर तीळ. आतापर्यंतचा माझा सगळ्यांत चांगला चेहरा. कुठून आणला ते कोणाला सांगणार नाही. नियम नेहमीचाच: चेहरे घ्यायचे ते दुकानातल्या 'श्रद्धांजली' फोल्डरमधून. वाढदिवसवाले जिवंत असतात, ओळखतात, भांडायला येतात. गेलेल्यांची तक्रार येत नाही.

६ फेब्रु., शुक्र.

अनिची ताकीद: कोणी कितीही विचारलं तरी गप्प बसायचं. हसरा माणूस चिमीचा हरवलेला बाप आहे हे सहाव्या अंकातच कळलं पाहिजे. "तोवर पब्लिकला तडफडू दे."

तडफडतायत. दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते तो फितूर आहे, दुसरी म्हणते तो फितुराहून वाईट आहे. उमरीची तेजू, अकरावीतली, पहिल्या अंकापासूनची आमची वाचक, तिने चिमीसाठी हाताने पोस्टर केलंय. 'चिमीला परत आणा.' रंग बरे भरलेत पोरीने.

एका बाईंनी लिहिलं, "आमचा लहाना काल जेवला नाही. म्हणतो चिमीला नेलं." वाचून मी हसले. आईला वाचून दाखवलं, ती नाही हसली.

८ फेब्रु., रवि.

आजची कमेंट. "ह्या माणसाला मी ओळखतो. आमच्या नायगावात हाय."

खाली सगळ्यांचे दात काढणारे चेहरे. कोणीतरी, "माझा सासरा पण असाच हसतो." मीही एक हसरा चेहरा टाकला. आमच्या पेजवर रोज एकाला तरी कोणीतरी ओळखू येतंच.

१० फेब्रु., मंगळ.

फोटो टाकलाय. एका बाजूला माझी चौकट, दुसऱ्या बाजूला खरा माणूस. पिवळ्या शाळेच्या गाडीला टेकून उभा, हसतोय. फट तीच. तीळ तोच. खाली, "सेम टू सेम! आमच्या भावाला रोज शाळेत सोडतो हा."

दुकानात जाऊन मूळ फाईल उघडली. दोन वर्षांपूर्वीचा फ्लेक्स. वर मोठ्या गोलात गेलेले गुरुजी, हार, समई. आणि खाली लहान लहान चेहऱ्यांची ओळ, 'शोकाकुल मित्रपरिवार'. त्यातला तिसरा तो.

मीच कापले होते सगळे चेहरे. मीच एकत्र टाकले त्या फोल्डरमध्ये, पुढेमागे लागतील म्हणून. गेलेला एक होता, बाकीचे रडणारे होते. माणूस जिवंत आहे आणि रोज पोरं ने-आण करतो.

११ फेब्रु., बुध.

अनिला सांगितलं. मला वाटलं घाबरेल. हा तर खूश! "अगं, नशीब उघडलं! लोक त्याच्याबरोबर सेल्फी काढून टाकतायत. पैसे देऊनसुद्धा अशी जाहिरात झाली नसती."

मी म्हटलं, पेजवर लिही की हा बाप आहे, वाईट नाही.

"आणि सहावा अंक कोण वाचेल मग? तुझा आत्मा?"

खूप भांडलो. मी फोन आपटला. स्क्रीनला तडा गेलाय, तोही माझाच.

१२ फेब्रु., गुरु.

मालकांना डोकं दुखतंय सांगून नायगावला गेले. शाळेच्या फाटकाशीच भेटले. गफूरभाई. पांढरी दाढी, खिशात चॉकलेटं. मी सगळं सांगितलं, फोल्डरसकट. आता हा माणूस मला चार शब्द सुनावणार म्हणून मान खाली घालून उभी राहिले.

ते पोट धरून हसले. "म्हंजे ताई, तुम्ही मला मेलेला समजून काढलं! आमच्या घरचीला सांगतो, ती म्हणंल बरोबरच वळखलं." मग चहा पाजला, पैसे देऊ दिले नाहीत. गुरुजी त्यांचे लंगोटीयार होते. पोरं चिमीचा चोर म्हणून चिडवतात, ते खोटं खोटं पळतात, मजा चाललीय म्हणाले.

माझं ओझं अर्धं उतरलं. शाळा सुटली. पोरं गाडीत चढत होती. एक चिमुरडी पायरीशी थांबली. तिला चढवायला गफूरभाईंनी नेहमीसारखा हात पुढे केला. तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले आणि गाल फुगवून श्वास रोखून धरला.

चिमीसारखा.

गफूरभाईंचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी तो खिशात घातला आणि बाजूला झाले. ती एकटीच, गुडघे टेकत चढली.

जाताना नंबर दिला. "सकाळी नि दुपारी लावू नका ताई. गाडी चालवताना फोन उचलत न्हाई मी. लेकरं असतेत."

१४ फेब्रु., शनि.

अर्धापूरच्या मावशीचा मेसेज. आमच्या घरच्या ग्रुपवर, मावसभावाच्या साखरपुड्याच्या फोटोंमध्ये.

माझंच चित्र. बोलण्याचा फुगा पुसलाय, चौकटीची रेघ कापलीय, कोपऱ्यातली माझी सही गेली. नुसता तो माणूस आणि त्याने हात धरलेली पोरगी. शेजारी गाडीचा फोटो. "हाच तो. गोड बोलून मुलींना नेतो. नायगाव भागात फिरतो. आपल्या लेकरांसाठी पुढे पाठवा."

मावशीला फोन केला. "मावशे, ते चित्र मी काढलंय. आपल्या कॉमिकातलं आहे. तू बघितलंयस ते, तुला अंक दिला होता मी."

"हाव, दिला होता की. तरीबी मिते, जपून राहिलेलं बरं न्हाई का?"

माझी सख्खी मावशी. लहानपणी माझ्या चित्रांना भिंत मोकळी करून देणारी. तिला मी सांगूनही खरं वाटेना, तर न ओळखणाऱ्याला काय सांगणार? मला भीती वाटतेय. सरळ लिहून ठेवते, भीती वाटतेय.

१५ फेब्रु., रवि.

अनि आता घाबरला. त्याच्याकडे तो मेसेज निलंग्याच्या मामाकडून आला. न सांगता त्याने सहाव्या अंकाची शेवटची चार पानं पेजवर टाकली. चिमी बापाच्या खांद्यावर झोपलीय ते पान रंगवताना मला स्वतःला भरून आलं होतं.

कमेंटा:

"घाबरले."

"गोष्ट बदलून राहिले. आधी खरं दाखवलं, आता दाबलं."

"कोणी दम दिला का अनिभाऊ? आम्ही हाव पाठीशी."

"बाप म्हणे! चिमीला आपला बाप ओळखू आला नसता का?"

तेजूने लिहिलं, "सॉरी ताई, मीपण तो फोटो पाठवला होता मैत्रिणींना. आता सगळ्यांना सांगितलंय." गुणी पोरगी. पण तो मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना 'सहा पहारे' हे नावच माहीत नाही. ते आमचे वाचकच नाहीत. त्यांना सहावा अंक दाखवून काय उपयोग?

आज मेसेजमध्ये खाली नावही आलंय. गफूर. नाव आल्यापासून पुढे पाठवणाऱ्यांची भाषा बदलली. ती इथे लिहीत नाही.

१६ फेब्रु., सोम.

पोलीस ठाण्यात जाऊन आले. तिथल्या पोलीसबाई भल्या होत्या. सगळं ऐकलं, चित्र बघितलं, "छान काढता" म्हणाल्या. नायगावला कळवते म्हणाल्या, पण गफूरभाईंना स्वतः तक्रार द्यावी लागेल.

संध्याकाळी ग.भाईंना फोन. आवाज उतरलेला. निम्मी लेकरं येईनाशी झाली. काल कोणीतरी गाडीच्या चाकांची हवा सोडली.

"गफूरभाई, थोडे दिवस गाडी बंद ठेवा. पाया पडते."

"बंद ठेवली तर म्हणतेल पळाला. ताई, ज्यांना मी शाळेत सोडत होतो ना, त्यांची लेकरं नेऊन राहिलो आता. ते वळखतेत मला."

"मग तक्रार तरी द्या."

"कुणाच्या नावानं देऊ? सगळ्यांच्याच फोनात हाय."

फोन ठेवता ठेवता म्हणाले, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. चित्र लई झकास हाय. घरचीनं कापून भिताडाला लावलंय." मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

१७ फेब्रु., मंगळ.

मला दुसरं काय येतं? फ्लेक्स येतो. नायगावच्या चौकात, शाळेच्या वाटेवर लावायचा. वर गफूरभाईंचा मोठा फोटो, हसरा. खाली: 'हे चित्र मी काढले. गोष्ट खोटी आहे. माणूस खरा आहे, चांगला आहे. संघमित्रा, चित्रकार.'

मालकांनी मशीन थांबवून वाचलं. शिवजयंती परवावर आलेली, तरी ओरडले नाहीत. म्हणाले, "मिते, चेहरा टाकू नको."

"चेहऱ्याशिवाय फ्लेक्स कोणी वाचत नाही. तुम्हीच शिकवलंय."

"तेच म्हणून राहिलो. चेहरा वाचतेल. खालचं कोण वाचतंय?"

मशीनपुढे बराच वेळ उभी राहिले. चेहऱ्याशिवाय लावला तर कोणी मान वर करणार नाही. चेहरा लावला तर... शेवटी छापला. शाईचा वास अजून हाताला आहे.

उद्या पहिल्या गाडीने जाते. फ्लेक्स लावते आणि गफूरभाईंच्या शेजारी, पुढच्या सीटवर बसते. बाई बसलेली दिसली की लोक जरा तरी थबकतील. आई म्हणाली, "एकटी नको जाऊ." मग स्वतःच डबा भरायला घेतला.

१८ फेब्रु., बुध. एसटीत

पहिली गाडी आलीच नाही, दुसरी मिळाली. शाळेआधी पोचायचं होतं. आता जमत नाही.

मागच्या सीटवर तिघं. कुठल्या गावचे कळलं नाही. एकाने सीटवरून हात पुढे करून फोन दाखवला, आपुलकीनेच. "ताई, हे बघून ठेवा. नायगावलाच चालला न? लेकरं असतेल घरी."

माझं चित्र. आता तिळाभोवती कोणीतरी लाल गोल काढलाय.

मी म्हणाले, "दादा, हे चित्र मी काढलंय."

मला वाटलं आता सुटले, आता सगळं सांगता येईल. त्याने बाजूच्याला कोपराने ढोसलं. "ऐकलं का? ह्या बाईनं बघितलंय त्याला!"

"तसं नाही हो. कॉमिक आहे, गोष्ट आहे, मनाने..."

"मनानं कसं ताई? तीळसुद्धा बरोबर हाय." आणि मग अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तसं, "घाबरू नका. काय केलं त्यानं तुम्हाला?"

माझा आवाज चढला. मी परत परत सांगितलं. बापाचं, सहाव्या अंकाचं, फोल्डरचं. जितकं सांगत गेले तितके ते मान हलवत राहिले. पुढच्या सीटवरचेही वळून बघायला लागले. कोणीतरी म्हणालं, "धसका घेतलाय बाईनं."

मग त्याचं लक्ष फ्लेक्सच्या गुंडाळीकडे गेलं. "ह्यात काय हाय?"

मी गुंडाळी जवळ ओढली. तिसऱ्याने तोवर कडेची घडी वर उचलली होती. दाढी दिसली, हसणं दिसलं.

"त्याचाच हाय. चौकात लावायला आणलाय जणू." पहिला म्हणाला, "चांगलं केलं ताई. आमीबी तिकडंच निघालो. लावू लागतो तुम्हाला."

गाडी फाट्यावर थांबलीय. ते तिघं चहाला उतरलेत, तिथून कोणाकोणाला फोन लावतायत. तेवढ्यात हे लिहून काढलं. अक्षर मलाच लागत नाहीये. पोलीसबाईंना फोन केला, गाडी पाठवायला सांगते म्हणाल्या. गुंडाळी मी पायाखाली घेतली आहे.

ग.भाईंना लावतेय. पूर्ण वाजतो आणि बंद होतो. शाळेची वेळ आहे, ते उचलणार नाहीत.

कंडक्टरने घंटी दिली. तिघं चढतायत. आता पाचजण आहेत.