साडेतीन फुटांचं इंजिन

बाबा, आज आमच्या कारखान्यातून इंजिन गेलं. ताडपत्री पांघरून, लांबलचक ट्रेलरवर बसून बंदराकडे. आफ्रिकेतल्या रेल्वेसाठी बनवलेलं, आपल्या रुळांवर त्याची चाकं बसतच नाहीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र वाशीम स्टेशनातलं बाकडं आठवलं आणि दिवसभर कशात मन लागलं नाही.

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हा मी असल्याच पहिल्या इंजिनाच्या वायरिंगवर होते. डिझेल जाळून वीज करायची आणि त्या विजेवर चाकं फिरवायची, हे मी फोनवर समजावतेय आणि तुम्ही हसताय. "मंग सरळ चाकच काहून नाही फिरवत? हा तं उलटा कारभार झाला वं माय!" मग विचारलंत, "रुळाची रुंदी किती?" जन्मभर गँगमन म्हणून छोट्या लाइनीवर रुळांमधलं अंतर मोजत फिरलेला माणूस दुसरं काय विचारणार! साडेतीन फूट, मी म्हणाले. काही दिवसांनी पुन्हा फोन. "वाशीमवरून जाईन का तुह्यं इंजन?" मी घाईत होते. हो म्हणून टाकलं, आणि वर, "मी रजा घिऊन येतो, दोघं मिळून पाहू."

त्यानंतर तुम्ही रोज दुपारी पांढरा सदरा घालून स्टेशनवर जाऊन बसायचात. मी प्रत्येक फोनवर सांगायचे, साहेब रजा देत नाही. मनात राग यायचा. इंचाइंचानं रूळ जोखलेल्या माणसाला एवढं कळू नये, की साडेतीन फुटांचं इंजिन इथल्या, आता मोठ्या लाइनीच्या झालेल्या साडेपाच फुटांच्या रुळांवर उभंसुद्धा राहणार नाही? भर वैशाखात ऊन लागलं आणि तुम्ही गेलात. तुमच्या भोळेपणावर खापर फोडून मी मोकळी झाले.

मागच्या महिन्यात आईजवळ हे बोलले. ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याइले पह्यल्याच दिवशी समजलं होतं. म्हनत, साडेतीन फुटाचं इंजन इकडून कसं जाईन? पोरगी घाईत बोलली."

"मंग कायले जात होते?"

"तू येतो म्हनली होती ना. गाडीतून उतरशीन म्हनून."

ती पुन्हा गहू निवडायला लागली. मला तिथं बसवेना.

हे कागद डब्याच्या पिशवीत घडी करून ठेवतेय, पाठवणार कुठं? एकच सांगायचं राहिलं होतं. साहेबाला मी कधी विचारलंच नव्हतं, बाबा.