ताई, वर वाराच नसतो

प्रिय ताई,

धाकटीचा वाकून नमस्कार (गुडघे परवानगी देतील तितकाच वाकून). खोकला कसा आहे? औषध वेळेवर घे, नाक मुरडू नकोस.

तुझा मुलगा माझ्याकडे सुखरूप आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवतो. फुग्याला टांगलेल्या पाळण्यातून, ढगांच्याही कितीतरी वरून उडी मारायचा हट्ट मात्र त्याने सोडलेला नाही. तू त्याच्याशी अबोला धरलास, म्हणून त्याचं म्हणणं मी कळवते. तिथे हवा इतकी विरळ, की वारा लागतच नाही. माणूस आवाजापेक्षा जोरात पडतो आणि त्याला वाटतं, आपण तरंगतोय. खाली येताना हवा दाट होते, तसा वेग आपोआप कमी होतो. म्हणजे घर जवळ येईल तसा हळू. (प्रगतिपुस्तक घेऊन तो असाच यायचा, आठवतं?)

वर पाणी नुसत्या अंगाच्या उबेने उकळतं म्हणे, म्हणून हवा भरलेला फुगीर पोशाख घालायचा. मी शिवणकाम करते त्या पॅराशूटच्या कारखान्यात काचेच्या पेटीतली हवा काढून तिथल्या लोकांनी मला पेलाभर पाणी उकळून दाखवलं. मी लगेच चहाची पूड काढली. पेटी उघडली तर पाणी गार, चहा काही रंगेना.

खरी भीती गिरकीची. हवेचा आधार नसला की माणूस भोवऱ्यासारखा फिरू लागतो, म्हणून आधी एक छोटं पॅराशूट उघडून त्याला सरळ धरतं. हे मला कळावं म्हणून त्याने मला कारखान्याच्या साहेबांच्या फिरत्या खुर्चीत बसवून धक्का दिला. "मावशी, हात पसरून ठेव," म्हणाला. मी घाबरून हात छातीशी घेतले, तशी खुर्ची आणखीच सुटली. तेवढ्यात साहेब आत आले. मी धरायला गेले टेबल, हाती आला त्यांचा टाय.

"बाई, सोडा."

"आधी थांबू दे, मग सोडते."

"बघ मावशी," तुझा मुलगा म्हणाला, "छोटं पॅराशूट हेच काम करतं."

साहेबांनी राग धरला नाही. मानेवर जरा वळ आहे, इतकंच.

तुझी,
धाकटी

ता. क. ते छोटं पॅराशूट शिवायला माझ्याकडेच आहे. कॉन्व्हेंट शाळेत शिवणाच्या तासाला मदर माझी शिवण उसवायच्या आणि तुझी वर्गभर फिरवायच्या. शेवटची शिवण मी घातलेली नाही. साहेबांना सांगितलंय, माझ्याहून चांगला हात येतोय. (ते ओढून तपासणार आहेतच.)

आणखी एक. वेग आपोआप कमी होतो वगैरे त्याने माझ्याकडून पाठ करून घेतलंय. माझा त्यावर काडीचा विश्वास नाही. शनिवारी तो उडी मारेल तेव्हा खाली उभं राहून मला एकटीला वर बघवणार नाही. ये.