दहा मिनिटं मशीनवर

३ मार्च, सोमवार
हिने अक्षरशः ओढत समुपदेशक बाईंकडे नेलं. आठ महिने टेलरिंगचं दुकान बंद आहे, यांचं कशातच मन लागत नाही, हेही हिनेच सांगितलं. बाई म्हणाल्या, हा आळस नाही, आजार आहे. मूडची वाट बघू नका. आधी काम, मूड मागून येतो. रोज फक्त दहा मिनिटं मशीनवर बसायचं. किती जड जाईल ते आधी लिहायचं, किती गेलं ते नंतर. दहापैकी मार्क. शिवाय वाईट विचार आला की तो कागदावर उतरवून त्याचे पुरावे तपासायचे.
दहा मिनिटं! वीस वर्षं कोट शिवणाऱ्या माणसाला! उद्यापासून सलग आठ तास.

४ मार्च
आठ तासांचं टाइमटेबल आखलं. तीन रंगांची पेनं. दमलो. दुकान उद्या.

६ मार्च, दुपारी ४
काल झोप. आज विचारांचा तक्ता. विचार: मी संपलो. बाजूने पुरावे: चौदा. विरुद्ध: सुचले की लिहीन.
हिने विचारलं, दुकानात जाऊन आलात का? म्हटलं, हो तर. हिने मान डोलावली आणि चहा टाकला. पटलं असावं.

९ मार्च, रविवार
आठवड्याचा तक्ता एका बैठकीत भरला. मार्क हळूहळू उतरवले: नऊ, आठ, सात. शुक्रवारी मुद्दाम परत नऊ. अगदी खरं वाटतंय. तसं बघितलं तर हेही कामच.

१० मार्च
बाईंनी तक्ता वाचला. छान म्हणाल्या. मग हिने पर्समधून दुकानाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. आठवडाभर तिच्याकडेच होती. मी मागितलीच नव्हती.
कोणी ओरडलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. बाई एवढंच म्हणाल्या, मशीन राहू द्या, उद्या नुसतं शटर उघडा.
घरी येईपर्यंत मान वर करवली नाही.

११ मार्च, सकाळी ११
अंदाज: दहा. कुलूप गंजलेलं, शटर अर्ध्यावर अडकलं. खांदा लावला. उघडलं. प्रत्यक्षात: सहा. खरे सहा.
स्टुलावर टेकतो तोच एक गृहस्थ आले. गाळा भाड्याने द्यायचाय का, म्हणाले. म्हटलं, नाही, इथे टेलर बसतात. मग ते कधी भेटतील? कोटाचं अस्तर फाटलंय. मीच तो, असं म्हणायला तोंड उघडेना. म्हटलं, उद्या दहाला येतील.
त्यांनी कोट माझ्या हातात दिला. म्हणाले, आले की त्यांना द्या.