पाणाड्याची पोरगी विद्यापीठात

३ जुलै, गुरुवार
मनीने जेवताना सांगून टाकलं. पुण्यातल्या दोन्ही मोठ्या कॉलेजांना नाही म्हणणार, सरकारी विद्यापीठात एम.एस्सी. करणार. विषय भूगर्भशास्त्र. तिच्या बापाचा, बाळूचा, घास हातातच राहिला. मीच आधी बोलले आणि वाकडं बोलले. म्हटलं, डोक्यात काय शिरलंय तुझ्या? एकीकडे काचेची इमारत, नोकरीवाले दारात येतात म्हणे, आणि तू पापुद्रे निघालेल्या भिंतींत जाणार? बचत गटातल्या बायकांना मी पेढे वाटून बसले की.
मनी गप. ताट धुतलं आणि आत गेली. तिच्या ह्या गप बसण्याचाच मला जास्त राग येतो. भाचीच्या जागी दुसरी कुणी असती तर...

५ जुलै, शनिवार
स्टँडवरचा फ्लेक्स अजून तसाच. मनीचा फोटो, खाली त्या काचेच्या कॉलेजचं नाव, त्याखाली भावकीतले झाडून सगळे चेहरे, मधोमध बाळू. नुसतं यादीत नाव लागलं होतं. प्रवेश कुठं घेतला होता? आधी फ्लेक्स, मग पोरीला विचारायचं, अशी आमच्याकडची रीत. आता म्हणतो, गावाला काय तोंड दाखवू. म्हटलं, दाखवलंयस की, पोरीपेक्षा मोठं छापून.
सख्खा धाकटा भाऊ, कडेवर वाढवलेला. दोन द्याव्याशा वाटल्या. मशीनवर बसले तर दोरा सारखा तुटला. ब्लाउज राहिला.

६ जुलै, रविवार
मनीला मशीनपाशी बसवलं, दार लोटलं. म्हटलं, आता बोल.
बोलली. त्या दोन्हीकडचे कोर्स कॉम्प्युटरचे. चांगले आहेत, नाव आहे, पण तिला हवं ते तिथं शिकवतच नाहीत. विद्यापीठात जमिनीखालचं पाणी शिकवतात. खडक कसा, पाणी मुरतं कुठं, अडतं कुठं. यंत्र घेऊन रानोमाळ हिंडायचं.
"आत्या, दर उन्हाळ्यात आपल्याकडे बोर घेतात आणि नुसता फुफाटा निघतो. मला ते शिकायचंय. इमारत घेऊन काय करू?"
मला चौथीतून काढलं होतं. पुढचं सगळं रद्दीतल्या पेपरांवर शिकले. मला कुणी विचारलंच नव्हतं काय शिकायचंय म्हणून. राग निम्मा तिथंच उतरला.
विचारलं, हे बाबांना सांगितलंस?
"सांगितलं. म्हणूनच बोलत नाहीत."
तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाळू पाणाडी. तळहातावर नारळ आडवा धरून रानातून चालतो. नारळ उभा राहिला की तिथं पाणी. मिरजगावापर्यंत बोलावणी येतात. पैसा घेत नाही. नारळ घेतो आणि मान घेतो. आणि पोटची पोरगी म्हणते, मी यंत्राने बघायला शिकते.
फ्लेक्सबिक्स सगळं वरवरचं. उतरलेला राग परत चढला, आता दुसऱ्या माणसावर.

८ जुलै, मंगळवार
बाळूला ओट्यावर गाठलं. गावाची लाज, बड्या कॉलेजचं नाव, सगळं बोलून झालं त्याचं. मी हललेच नाही. शेवटी म्हणाला, "घरात पानी बघनारा एक हाय ना अक्का. दुसरा कशाला?"
म्हटलं, तुझी कुठली बोर कोरडी गेली हे विचारायला येणार आहे का ती?
"ती न्हाई इचारायची. तिला कळंल, आन ती गप बसंल. ते मला न्हाई सोसायचं."
पण म्हणून काय पोरीने शिकूच नये? तोंडाला आलेलं गिळलं. चहा ठेवला त्याला, साखर विसरले. तसाच प्याला.

१० जुलै, गुरुवार
उद्या जागा पक्की करायची शेवटची तारीख. आणि आजच उपसरपंच चहाला. पाय पसरून म्हणाला, "सरकारी विद्यापीठ म्हंजी रोजगार हमीच म्हना की." बाळू हसला. परक्याचं एक वेळ जाऊ दे. बाप हसला!
मी आतून बाहेर आले. म्हटलं, दुष्काळात त्याच हमीच्या कामावर तुझ्या आईनं खडी फोडली बाबा, माझ्या शेजारी बसून, म्हणून तू एवढा झालास. चहा निम्मा टाकून उठला. वाईट वाटलं का? नाही वाटलं.
संध्याकाळी मनी जवळ येऊन बसली. "आत्या, बाबा म्हणतात तेच करू का? निदान बोलतील तरी." एवढी ताठ पोर, आणि आवाज कसा झालेला. बापावर अस्सा संताप...
म्हटलं, बोलायचं त्याचं तो बघेल. तुझं तू बघ. आणि बाप हसला म्हणून जाऊ नकोस. तुला जायचंय म्हणून जा.

११ जुलै, शुक्र.
पक्की केली. विद्यापीठच. मोबाईलवर, माझ्या मशीनपाशी बसून.
बाळूला सांगायला तीच गोठ्यात गेली. काय बोलली ऐकू आलं नाही. डोळे लाल करून आली. तो जेवायला आला नाही. भावजयीने, सुमनने, ताट झाकून ठेवलं. बिचारी दोघांच्या मधे मरते. मी म्हटलं, भूक लागली की येईल. नवऱ्याची काळजी करू नको, मांजर येईल तेवढं बघ.

२७ जुलै, रवि.
मनी गेली. बाळू सकाळीच रानात. मुद्दाम. मी आणि सुमन स्टँडवर. आडोसा तेवढाच, म्हणून पोरगी त्याच फ्लेक्सखाली उभी. वर तिचं तोंड हसतंय, खाली नको असलेल्या कॉलेजचं नाव, बाजूला बाप मोठा. खरा बाप कुठं?
एस.टी. येईपर्यंत ती रस्त्याच्या वळणाकडे बघत होती. मोटारसायकल वाजली की मान वर. बाळू, ही मान तू बघायला हवी होतीस. हे मी विसरायची नाही.

३ ऑगस्ट, रवि.
पांढरीच्या मळ्यातून बाळूला बोलावणं. बोर घ्यायची. गेला. दुपारी परत, नारळ हातात. शेतकरी मागोमाग दारात आला, तक्रार सांगायला. बाळूअण्णा रान फिरले, पण नारळ धरलाच नाही म्हणे. नुसतं म्हणाले, थांबा.
"किती थांबायचं, ते सांगा की, अक्का."
मला काय माहीत? बाळूकडे बघितलं. तो बैलाला पाणी दाखवत होता, पाठ आमच्याकडे.
हे थांबणं रुसव्याचं, की पोरगी शिकून येईपर्यंतचं? विचारणार नाही. माझा राग अजून गेलेला नाही. फोनही त्याने केलेला नाही. मनी रोज माझ्याशी बोलते आणि रोज शेवटी विचारते, बाबा आहेत का जवळ.
सुमनने चटणीला तो नारळ उचलला. बाळू दारातूनच म्हणाला, "त्याला हात लावू नको."
फडताळात ठेवलाय. अख्खा.