अर्ध्यात विझलेला फोन

प्रिय आई,

गुरुवारी मी बसथांब्यावर उभा होतो, फोनवर अकबोता बोलत होती आणि वाक्याच्या मधोमध माझा फोन काळा पडला. तिथेच माझं सगळं फिरलं. चांगली निम्मी बॅटरी दाखवत होता! पण आपल्या करगंडाच्या थंडीत हा म्हातारा फोन कसला तग धरतोय. खिशातून काढला की मेला. ऐकू आलं ते एवढंच: "शनिवारी दुपारी मुलाकडचे लोक मला झुमके घालायला येणार. सकाळी घर रिकामं झालं की फोन करते, तेव्हा तू—"

तेव्हा मी काय? यायचं? की विसरून जायचं? उलट फोन करावा, तर घरातला फोन तिचा भाऊच उचलतो. आणि होणाऱ्या सासूने एकदा कानात झुमके घातले की मुलगी त्या घरची, हे मी तुला काय सांगू!

तिचं नाव तू आज पहिल्यांदा वाचतेयस. मी कॉलेज अर्ध्यात सोडलं तेव्हा म्हणाली होतीस, "मास्तरांशी भांडून आलास, आता बायकोशी भांडायला तरी नोकरी बघ." त्या कॉलेजातून मी तिची ओळख एवढीच एक गोष्ट सोबत आणली, आई.

काल साबितच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. म्हटलं, हा घे आणि नवा दे. तो हसत सुटला. "अरे वेड्या, हप्त्यांचा करार कुठे संपलाय? मोडलास तर दंड, वर सही तुझ्या आईची. आणि नवा करार झाला की नंबर दिवसभर मुका." सिम दुसऱ्या फोनात घालू म्हटलं, तर करारातलं सिम याच फोनात चालतं म्हणे. तिचा फोन यायचाय म्हणत मी काउंटरवर मूठ आपटली. तो शांतपणे म्हणाला, "प्रेमात पडताना बॅटरी बघून पडावं, राजा." मला हसू आलं नाही. बदलावा, तर तिचा फोन नेमका त्या मुक्या दिवशी यायचा. ठेवावा, तर हा पुन्हा दगा द्यायचा. रात्रभर डोळा लागला नाही. जरा कुठे खुट्ट झालं की वाटे, वाजला. उठून बघावं तर अंधार.

आता शनिवार उजाडलाय. नऊ वाजले, फोन नाही. आणि वाजेपर्यंत थांबून निघालो, तर तिच्या गावाची, तेमिरताउची बस पोचेपर्यंत झुमके कानात असतील. मी तिच्या दारात जाऊन उभा राहणार आहे. भाऊ हाडं मोडेल, ठाऊक आहे. पण त्याहून जास्त भीती वाटते ती तिनेच 'येऊ नकोस' म्हटलं असेल याची.

फोन नेत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत, चार्जरच्या तारेवर तिरका टेकवून ठेवलाय. तसाच जगतो, हलवू नकोस. तू बेकरीतून दहाला येशील. वाजला तर उचल, एवढ्यासाठीच हे लिहिलं. पलीकडे ती असेल, घाबरलेली. तिला "कोण तू?" विचारू नकोस. "बाळ" म्हण. सांग, दौरेन निघालाय. आणि ती नको म्हणाली, तर तेही तूच ऐकून घे. मला संध्याकाळी सांग. कोट चढवलाय. दार हळूच ओढून घेतो, नाहीतर फोन घसरायचा.

तुझाच,
दौरेन